देणाऱ्याला कळणार नाही

२८ सप्टें., रविवार

नव्या सिस्टिमचं ट्रेनिंग झालं. दुबईहून आलेला माणूस चांगलं बोलतो, पण भराभर. मी दोनदा थांबवलं. बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. बघू देत. समजल्याशिवाय मान हलवायची सवय मला नाही. ती असती तर अजून गोदामात खोकी बांधत असतो.

जुनं सगळं तसंच आहे. गिफ्ट रिसीटवर किंमत नाही, फक्त कोड. वस्तू न वापरलेली, टॅग शाबूत, मुदतीच्या आत. रोख नाही, बदली वस्तू किंवा स्टोअर क्रेडिट. नवीन एवढंच की गिफ्ट रिसीटवर वस्तू परत आली की ज्याने ती विकत घेतली त्याच्या मोबाइलवर आपोआप मेसेज. ‘तुमची भेट परत आली आहे. दुसरी निवडा.’ सोबत सवलतीचं कूपन.

हे खटकलं. विचारलं, देणाऱ्याला कळवायचं कशासाठी? तो म्हणाला, ट्रान्सपरन्सी, सर. म्हटलं, भेट आणि ट्रान्सपरन्सी यांचा काय संबंध? भेट तर कागदात गुंडाळून देतात. सगळे हसले. तोही हसला. पण स्लाइड पुढे गेली.

माझ्या रिटर्न काउंटरवर कार्ड आहे. अरबी आणि इंग्रजी, तीन ओळी. मी लिहिलेल्या. अरबी शिकायला मी कुठल्या वर्गात बसलो नाही, खोक्यांवरची लेबलं वाचत आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या ऐकत शिकलो. उस्ताद हानींनी (ब्रँच मॅनेजर, मूळचे जॉर्डनचे) कार्ड तपासलं आणि एक शब्द बदलला नाही. आज कुवेतमधल्या आमच्या प्रत्येक ब्रँचमध्ये तेच कार्ड आहे.

किंमत सांगणार नाही.
कारण विचारणार नाही.
देणाऱ्याला कळणार नाही.

उद्या सिस्टिम सुरू. म्हणजे तिसरी ओळ उद्यापासून खोटी. कार्ड काढा असं कुणी म्हणालं नाही. मीही विषय काढला नाही.


३० सप्टें., मंगळवार

लेकीचा, ऋचाचा, इकामा (इथे राहायचा परवाना) तिच्या कंपनीवर गेला. उद्यापासून मिरकाबला विमा कंपनीत. मी आयुष्यभर काउंटरमागे उभा, नीलिमा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभी. आमच्या दोन्ही घराण्यांत खुर्चीवर बसून पगार घेणारी ही पहिली. लिहितानासुद्धा बरं वाटतं, म्हणून लिहिलं.

तिच्यासाठी ऑफिसची बॅग घेतली. आमच्याच दुकानातून, ड्यूटी संपल्यावर, रांगेत उभा राहून. बॅगांचं मला कळतं. परत आलेल्या बॅगा रोज हाताळतो. चेन कुठे अडकते, पट्टा कुठे उसवतो, अस्तर कुठल्या कोपऱ्यात फाटतं, सगळं बघितलेलं आहे. ही तपकिरी, खरं लेदर, आत कप्पे, खाली पितळी पाय. जमिनीवर ठेवली की आपली आपण उभी राहते, कशाला टेकावी लागत नाही. हे मॉडेल माझ्या काउंटरवर परत आलेलं मी पाहिलेलं नाही.

मेरीसेल कॅशला होती. “सर, युवर मोबाइल नंबर, लीव्ह ब्लँक?” म्हटलं, अजिबात नाही. बाकीचे कॅशियर तो रकाना सोडतात, मी मेरीसेलला सोडू देत नाही. मग स्वतःचा कसा सोडीन? रिकामा रकाना मला चालत नाही. नंबर घातला. “गिफ्ट रिसीट, सर?” हो. ती तर हवीच. माझी भेट गिफ्ट रिसीटशिवाय कधी जात नाही.


२ ऑक्टो., गुरुवार. दसरा

ड्यूटीला जायच्या आधी पूजा. मंडळाकडून आपट्याची सुकी पानं आली होती, झेंडू सालमियातल्या केरळी दुकानातून. पाटावर नी.ची लॅबची कात्री, माझा जुना स्कॅनर (बाद झाल्यावर परवानगी घेऊन घरी आणलेला, त्याने मला इथवर आणलंय) आणि मधोमध ऋ.ची बॅग. उभी. ऐटीत.

नी.ने बॅगेवरच्या प्लास्टिकच्या पिशवीलाच हळद-कुंकू लावलं.
“अगं, प्लास्टिक तरी काढ.”
“राहू दे हो. लेदरला डाग पडतो. तुम्हीच सांगता ना?”
खरं आहे. कुंकवाचा डाग पडलेली वस्तू जगातल्या कुठल्याच काउंटरवर परत होत नाही. शाबास म्हटलं. माझ्याबरोबर राहून शिकली.

ऋ. बॅगेकडे बघत म्हणाली, “वॉव, बाबा. इट्स सो... प्रॉपर.”
प्रॉपरच आहे.


४ ऑक्टो., शनिवार

कदम आला होता सोनपापडी घेऊन. माझ्या गावचा, मीना अब्दुल्ला भागात काँट्रॅक्टवर सुतारकाम करतो, एकटाच असतो. आला की घरात गाव येतं.

गणपतीला मी त्याला शर्ट दिला होता, नेहमीप्रमाणे खिशात गिफ्ट रिसीट. त्यावर आज पुन्हा गाडी आली. नी. आणि ऋ. समोर हात नाचवत म्हणतो, “शर्ट बरो आसा. पण खिशात बिल कित्याक ठेवलंस रे? पैशे मागतंस काय?”
म्हटलं, बिल नव्हे ते. त्यावर किंमत तरी दिसली का तुला?
“ह्यो माणूस भेट देता आणि वर परत आणूची चिठीय देता! आमच्यात कोण परत करता? कपाटावर ठेवतंत आणि दुसऱ्याच्या लग्नात देतंत.”
नी. हसून हसून बेजार. कपाटावरचे आमचे दोन डिनर सेट तिला आठवले असणार.

मी त्याला नीट समजावलं. वस्तू द्यायची आणि घेणाऱ्याला मोकळं सोडायचं. आवडली तर ठेव, नाही तर बदल, मला सांगायला येऊ नकोस. ही चिठी म्हणजे त्या मोकळेपणाची खूण. गेली कितीतरी वर्षं हेच सांगतोय, घरात, दारात, काउंटरवर. ऋ. शाळेत होती तेव्हापासून तिला तोंडपाठ आहे. आजही माझं वाक्य तिनेच पूर्ण केलं, “अँड द गिव्हर विल नेव्हर नो.” अभिमान वाटला.

कदम तिला म्हणाला, “तुजी बॅग खंय गो? दाखव तरी.”
“आत आहे, काका.”
दाखवली नाही. नंतर मीही विसरलो.


७ ऑक्टो., मंगळवार

सकाळी ऋ. कॉलेजची पाठीवरची सॅक घेऊन निघाली.
“बॅग?”
“नेक्स्ट वीक, बाबा.”
नी. म्हणाली, नवीन आहे, जपून वापरेल. ठीक. मीही माझा पहिला सूट पाच-सहा महिने कपाटात ठेवला होता.


८ ऑक्टो., बुधवार

आज काउंटरवर एक म्हातारी कुवेती बाई आली. हज्जा, इथे वयस्क बायकांना मानाने असंच म्हणतात. अत्तराची बाटली, सील शाबूत, गिफ्ट रिसीट घडी करून काळ्या अबायाच्या टोकात धरलेली. सुनेने दिलंय म्हणाली. वास डोक्यात जातो. मग आजूबाजूला बघून हळूच, “तिला कळणार नाही ना, बेटा?”

हा प्रश्न मला हजारदा विचारलाय. माझं उत्तर ठरलेलं, हात छातीवर ठेवून. “ला, अबदन.” कधीच नाही. हे म्हणताना समोरच्या माणसाचे खांदे सैल पडतात, ते बघणं हा माझ्या कामातला सगळ्यात चांगला भाग आहे.

आज हात छातीवर गेला आणि शब्द आला नाही. खरं सांगितलं. हज्जा, आता तिला मेसेज जातो.

बाईने बाटली उचलली, पिशवीत ठेवली. म्हणाली, “मग मी वास सहन करते. सून चांगली आहे.” कार्डाकडे बोट करून म्हणाली, “हे मग काढून टाका.”

मेरीसेल माझ्याकडे बघत होती. 


९ ऑक्टो., गुरुवार

संध्याकाळी चहाच्या सुट्टीत फोन वाजला.

मेसेज. वर अरबी, खाली इंग्रजी. अरबीत एक चूक आहे, ती आधी दिसली. कुणी लिहिलं हे, विचारून बघायला हवं, असं मनात आलं. मग अर्थ.

तुमची भेट परत आली आहे. लेदर बॅग, तपकिरी. फहाहील ब्रँच. दुसरी निवडा.

खाली कूपन.

ती माझ्या ब्रँचला आली नाही. ऑफिस सुटल्यावर मिरकाबहून फहाहीलपर्यंत गेली, गुरुवारच्या, आठवडा संपतानाच्या ट्रॅफिकमध्ये. कारण इथे सगळे तिला ओळखतात. आणि फहाहीलच्या काउंटरवरही माझंच कार्ड आहे. ते वाचत उभी राहिली असेल.

चहा तसाच राहिला. पुढचं गिऱ्हाईक आलं, इस्त्री, प्लगला जळाल्याचा वास. तपासून बदलून दिली.

घरी आल्यावर ऋ. म्हणाली, “बाबा, यू लुक टायर्ड.” म्हटलं, हो, गर्दी होती.


१० ऑक्टो., शुक्रवार

शुक्रवारी माझी ड्यूटी दुपारी असते, म्हणून सकाळचा चहा तिघं एकत्र घेतो. आठवड्यातला हा एकच. नी. घावणे करते, ऋ. फोनवरून कायकाय वाचून दाखवते, मी तिचं मराठी सुधारतो.

आज मी काहीच सुधारलं नाही.

“ऑफिस कसंय?”
“गुड.”
“सगळं?”
“हो, बाबा. गुड.”

ती माझ्या डोळ्यांत बघून बोलत होती. खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाची नजर मी लांबून ओळखतो, ती नव्हती. तिला खरंच वाटतंय की मला ठाऊक नाही. वाटणारच. माझ्यामुळेच वाटतंय.

तिच्या खोलीचं दार उघडं होतं. कपाटाशेजारी जिथे बॅग उभी होती तिथे काही नाही.

नी.ने तिसरा घावणा माझ्या ताटात टाकला, न विचारता. तिच्या हाताकडे बघता बघता दसऱ्याची सकाळ आठवली. प्लास्टिकला कुंकू. लेदरला डाग पडतो, तुम्हीच सांगता ना. त्याच दिवशी तिला कळलं होतं. पोरीचा चेहरा तिने वाचला, मी ‘प्रॉपर’ ऐकत बसलो. वर शाबासकी दिली.


१२ ऑक्टो., रविवार

काउंटरवर गर्दी नव्हती. माझ्या लॉगिनने कुठल्याही ब्रँचचं रिटर्न उघडता येतं. काय बदलून घेतलं, कारण काय लिहिलं. आमच्या ब्रँचमध्ये कारणापुढे नेहमी ‘सांगितलं नाही’. फहाहीलवाले कधी कधी विचारतात, मी त्यांना दोनदा बोललोय.

मेसेजमधला कोड टाकला. एंटरवर बोट. रंग आवडला नाही? जड आहे? म्हाताऱ्याची वाटते? की बापाने घेतलेली म्हणून?

मेरीसेल मागून म्हणाली, “सर, एनी प्रॉब्लेम विथ दॅट रिटर्न?”
“नो. नो प्रॉब्लेम.”
कोड पुसला. देणारा म्हणून मला अधिकार नाही, आणि नोकरीतला अधिकार घरच्या कामाला वापरायचा नाही. हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवतो.

पण खरंच प्रॉब्लेम नाही. दुपारभर मनातल्या मनात तपासलं. वस्तू न वापरलेली. टॅग शाबूत. मुदतीच्या आत. रिसीट जवळ. डाग नाही. समोरच्याला नाही म्हणायला जागाच नाही. मी पाहिलेल्या रिटर्नमध्ये इतकं स्वच्छ क्वचित असतं. माझीच मुलगी.

हे लिहून हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

संध्याकाळी कापूर शोधताना देव्हाऱ्याखालचा खण उघडला. त्यात ती प्लास्टिकची पिशवी, चौकोनी घडी, कुंकवाची बोटं वर. पूजेची म्हणून नी.ने टाकली नसणार. होत्या त्याच घडीवर परत ठेवली.


१४ ऑक्टो., मंगळवार

उस्ताद हानींच्या केबिनमध्ये गेलो. ते मला पहिल्या दिवसापासून अबू रिचा म्हणतात, ऋचाचा बाप. पासपोर्टवरच्या नावापेक्षा मला हे आवडतं.

सांगितलं, देणाऱ्याचा मेसेज बंद करायला हवा. हज्जाची गोष्ट सांगितली. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अबू रिचा, बाईने अत्तर ठेवून घेतलं. म्हणजे एक रिटर्न कमी झालं. हेड ऑफिसला हे सांगितलं तर ते मेसेजचा फॉन्ट मोठा करतील.”
“पण ती दुखावली.”
“घेणारा दुखावला. सिस्टिम देणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्याची एक तरी तक्रार आलीय? एक? मला एक देणारा आणून दे. गुरुवारी दुबईहून हेड ऑफिसची माणसं येतायत.”

एक देणारा.

बाहेर येऊन काउंटरवर उभा राहिलो. कार्डाची कड उचकटली होती, चिकटवली.

मला त्यांच्यासमोर माझं घर मांडायचं नाही. ऋ.चं नाव तिथे, त्या टेबलावर, दुबईच्या लोकांसमोर. वडिलांनी दिलेली बॅग मुलीने परत केली. हसतीलही. नाही हसले तर आणखी वाईट. दुसरा कुणी देणारा सापडतो का बघायला दोन दिवस आहेत.


१५ ऑक्टो., बुधवार

दुसरा देणारा सापडला नाही. कोण येणार सांगायला? मेसेज वाचून माणूस गप्प बसतो. मला माहीत आहे.

ऋ.ला उशीर होणार होता. नी. भाजी परतत होती. पाठ माझ्याकडे.

“तुम्हाला कळलंय.”
“काय?”
“काय म्हणे. तुमच्या तोंडावर सगळं छापून येतं. गिफ्ट रिसीटसारखं नाही तुमचं.”
मग तीच पुन्हा, “कसं कळलं?”
मेसेजचं सांगितलं. तिने गॅस बंद केला.

“म्हणजे मेसेज जातो हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?”
“ट्रेनिंगला सांगितलं होतं.”
“आणि घरी नाही सांगितलंत? त्या शनिवारी कदमभाऊजींसमोर तर तेच सांगत होतात, देणाऱ्याला कळत नाही, देणाऱ्याला कळत नाही. पोरगी इतकीशी होती तेव्हापासून ऐकतेय. म्हणूनच गेली ना ती. मी म्हटलं होतं, बाबांना सरळ सांग. तर म्हणते, आई, का दुखवायचं, बाबांचा नियम आहेच की.”

मी हे उलटं धरून बसलो होतो. सहा दिवस. तिने माझ्यापासून लपवलं, एवढंच दिसत होतं. तिने मला फसवलेलं नाही. तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. शब्द माझा खोटा पडला, तिचा नाही.

“कारण सांगू?” नी.
“नको.”
“अहो, साधं आहे.”
“असू दे साधं. कार्डावर लिहिलंय.”
“तुमचं ते कार्ड!” तिने उलथनं ओट्यावर आपटलं. पण रागाने नाही. मग म्हणाली, “बसा. वाढते.”

जेवताना ठरलं. देणारा मीच. हानींना दुसरा कुणी आणून द्यायला नको.


१६ ऑक्टो., गुरुवार

निळा सूट घातला. पहिलाच तो. मेरीसेल म्हणाली, “सर, वेडिंग?” म्हटलं, मीटिंग.

हेड ऑफिसचे दोघे, एक बाई, एक माणूस, आणि उस्ताद हानी. बाईंनी आकडे दाखवले, चांगले होते, मी नाकारले नाहीत. मग हानी म्हणाले, आमच्या इन-चार्जला काही सांगायचं आहे.

मी अरबीत सुरुवात केली. इंग्रजीत मी हुशार वाटतो, अरबीत खरा.

सांगितलं, एक बाप आहे. मुलगी नोकरीला लागली. त्याने बॅग दिली, गिफ्ट रिसीटसकट, कारण त्याला मुलीला मोकळं ठेवायचं होतं. मुलीने ती बदलली. नियमाप्रमाणे, काहीही खोट न ठेवता. वडिलांना कळू नये म्हणून लांबच्या ब्रँचला गेली. हे न कळू देणं म्हणजे वडिलांना दिलेलं दुसरं गिफ्ट होतं, मॅडम. पहिलं बापाने मुलीला दिलं, दुसरं मुलीने बापाला. तुमच्या मेसेजने ते दुसरं फोडलं.

बाई म्हणाल्या, “तो दुकानावर रागावलाय का?”
“नाही. बॅग उत्तम होती. मी खात्री देतो.”
“मुलीवर?”
“नाही. आधी होता.”
“मग त्याचं नुकसान काय?”
“आठवडाभर तो तिच्याशी नीट बोलू शकला नाही. आणि त्याला कूपन आलं.”

दुसरा माणूस हसायला लागला आणि थांबला. बाई लिहून घेत होत्या. म्हणाल्या, ग्राहकाचं नाव आणि नंबर द्या, आम्ही फोन करू.

म्हटलं, नाव देता येणार नाही. तिसरी ओळ. ती या ब्रँचमध्ये अजून भिंतीवर आहे.

हानींनी इतका वेळ पेनशी खेळ चालवला होता, तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मग सावकाश, एकेक अक्षर वेगळं ठेवत म्हणाले, “शुक्रन, अबू रिचा.” धन्यवाद, ऋचाच्या बापा.

त्यांना कळलं. आणि त्यांनीही कुणाला कळू दिलं नाही. माणूस मोठा आहे.

निर्णय: विषय दुबईला पाठवणार. उत्तर येईपर्यंत मेसेज चालू. दारात हानी म्हणाले, उत्तर येईपर्यंत कार्डही चालू. मग म्हणाले, आजची अरबी फार चांगली होती. मी म्हटलं, ठाऊक आहे.

काउंटरवर पुढचा माणूस आला तर कार्डाखाली मी काय बोलायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मी ठरवलं. हात छातीवर ठेवणार नाही. मेसेज जातो, खरं सांगणार, आणि रिसीट परत हातात देऊन म्हणणार, पाहिजे तर आज घेऊन जा, विचार करून या.

—

त्याच दिवशी, संध्याकाळी.

घरी आलो तर ऋ. दारातच. सूट बघून म्हणाली, “ओ माय गॉड, बाबा. हँडसम.” मग सोफ्याच्या कडेवर बसली. सॅक मांडीवर.

“बाबा, आय नीड टू टेल यू समथिंग. अबाउट द बॅग.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. नी.ने सांगितलं की नाही, माहीत नाही. विचारणार नाही.

म्हटलं, “आपण कारण विचारत नाही, बाळा.”
“यू आर नॉट आस्किंग. मी सांगतेय.”
“सांगावं लागत नाही. तोच तर नियम आहे.”
“बाबा.” मग मराठीत, हळू, एकेक शब्द शोधून. “मला सांगायचं आहे. तुम्हाला. नियमाला नाही.”

म्हटलं, उद्या. चहाच्या वेळी. मला जरा कपडे बदलू दे. ती म्हणाली, “प्रॉमिस?” म्हटलं, हो. तिने उठून माझ्या कोटाची कॉलर नीट केली, जशी मी तिची शाळेला जाताना करायचो, आणि आत गेली.

वेळ का मागितला? घाबरलो म्हणून. हे इथे लिहायला हरकत नाही.

बसून विचार केला. तीन ओळी मी इतकी वर्षं घासून घासून बसवल्या. किंमत विचारणारा, कारण विचारणारा, देणाऱ्याला जाऊन सांगणारा, प्रत्येकाचा बंदोबस्त केला. घेणारं माणूस आपण होऊन, आपल्या पायांनी येऊन, देणाऱ्याला सांगायला लागलं तर काय करायचं, हे कुठल्याच ओळीत नाही. कुणी येईल असं वाटलंच नव्हतं. माझ्या काउंटरवर असं कुणी आलेलं नाही. माझ्या घरात आलं.

नी. विचारून गेली, उद्या घावणे की आंबोळ्या. म्हटलं, तिला काय हवं ते विचार.

घरी कार्डाची एक प्रत आहे, टेबलाच्या काचेखाली. तिसऱ्या ओळीखाली जागा उरलेली आहे. पेन घेऊन बसलो होतो. रिकामा रकाना मला चालत नाही.

आज तसाच ठेवला.